नावाचं कडवं

एप्रिल लागला की माझी बासरी चढते. बासरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बांबूची येते. माझी तशी नाही. माझी धातूची, चाव्यांची, जॅझवाल्यांची. हवा तापली की तिचा सूर वर सरकतो आणि मग तिचा तोंडाकडचा तुकडा जरासा बाहेर ओढून तिला उतरवावं लागतं. परवा प्रभादेवीच्या घरी खिडक्या उघड्या टाकून रियाजाला बसले, पहिलाच सूर वर गेला आणि मी स्वतःशीच म्हटलं, आला बाई एप्रिल. पूर्वी या महिन्याचा मला केवढा आनंद व्हायचा! गेली तीन वर्षं तो आला की मी तोंड लपवून हिंडते. करी रोडच्या पुलावरून जाताना उजवीकडे बघत नाही, कारण उजवीकडे आमची चाळ आहे.

त्या चाळीत एप्रिल म्हणजे जयंती. चौदा तारखेची. दुसऱ्या कुणाची जयंती असते हे मला शाळेत गेल्यावर कळलं. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आणि पताका चिकटवायची खळ एकाच आठवड्यात यायची, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीवर कायम निळे डाग असत. जिन्याखाली खिरीची पातेली घासून उपडी घातलेली. गॅलरीभर बायकांच्या पांढऱ्या साड्या वाळत पडलेल्या, त्यांना खळीचा तो कोरा वास. कुणीतरी माईक हातात घेऊन तासभर नुसतं हॅलो हॅलो करत बसलेलं असायचं. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीसमोर सतरंजी पडायची. किसनमामाची गायन पार्टी तालमीला बसायची.

किसनमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गोदीत कामाला होता. गाणी लिहायचा, पण बसून कधी नाही. कामावरून चालत येताना डोक्यातच जुळवायचा. घरात शिरला की आधी पाणी नाही, चहा नाही, आधी वही. 'कुणी बोलू नका रे' असं ओरडतच यायचा आणि उभ्या उभ्या खरडून मोकळा व्हायचा. आवाज मात्र त्याचा फाटका. एकदा मुलांनी हट्ट केला म्हणून गायला, तर ढोलकीवाला हसून हसून बाद झाला. मामा स्वतःही हसला. पुन्हा गायला नाही. लिहायचं, पार्टीला शिकवायचं आणि कार्यक्रमाला मागे, कोरसच्याही मागे, मांडी घालून बसायचं, एवढंच त्याचं काम.

पण या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. नुसतं खाली सही केल्यासारखं नाही, गाण्याच्या अर्थात बसवून. आमच्याकडे त्याला नावाचं कडवं म्हणत. गाणारा त्या नावापाशी आला की किंचित थांबतो, मागे वळून कवीकडे हात करतो. समोरची माणसं 'वा किसन' म्हणतात. मामा बसल्या जागी हात जोडायचा आणि कपाळाला लावायचा. त्याची मान खाली असायची, पण मी लहान, सतरंजीवर बसलेली, मला खालून त्याचं तोंड दिसायचं. लाजलेलं असायचं. वर्षभर गोदीतल्या पोत्यांत काढलेल्या माणसाला वर्षातून एकदा चारचौघांत आपलं नाव ऐकू यायचं.

तेही एकदा कुणीतरी पळवलं. मी पाचवीत-सहावीत असेन. कुठल्याशा कॅसेटवर मामाचं गाणं निघालं, शब्द सगळे जसेच्या तसे, फक्त शेवटच्या कडव्यात 'किसन' काढून तिथे गाणाऱ्याने स्वतःचं नाव घातलेलं. तीन अक्षरांच्या जागी तीन अक्षरं, कुठेही खटकत नव्हतं. मामा भांडायला गेला नाही. त्या दिवसापासून तो नाव एका ओळीत दोनदा घालायला लागला. म्हणायचा, 'दोनदा घातलं की उपटायला दोन हात लागतात.' आम्ही सगळे हसायचो.

बासरी माझ्या हातात आली ती शाळेच्या बँडमधून. परळच्या आमच्या शाळेत एक गोव्याचे सर होते, त्यांनी माझे ओठ बघून ठरवलं की ही बिगुल नाही, फ्लूट वाजवणार. दर रविवारी मामा मला तालमीला चालत घेऊन जायचा आणि बाहेर कट्ट्यावर बसून ऐकायचा. पुढे मी जॅझकडे वळले, तेव्हाही तो यायचा. त्याला ते कळायचं नाही आणि तो तसं सांगायचाही. 'गाणं बरं चाललेलं असतं, मग तुम्ही सगळे कुठेतरी फिरायला जाता. शेवटी एकदाचे परत येता, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.' जॅझबद्दल इतकं नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी दिवसा विम्याच्या कचेरीत दावे तपासते, शनिवार-रविवारी वाजवते. माझी दोन आयुष्यं आहेत असं लोकांना वाटतं. खरं तर तीन होती आणि तिसरं, करी रोडचं, मी कुणाला फारसं सांगत नसे.

तर अल्बम. माझा पहिला आणि आजवरचा एकुलता एक. सात गाणी, प्रत्येक गाण्याला वेगळा पाहुणा गायक, शब्द सगळे नवे, सगळे मराठी. बासरी, पियानो, उभा बेस, ड्रम्स आणि मराठी गाणं, असं मी वर्षभर मनात घोळवत होते. एक गाणं मामाकडून घ्यायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. विचारलं तेव्हा त्याने आधी हातातली वही मिटली. मग म्हणाला, 'जयंतीचं नको ना तुला?' मी घाईघाईने म्हटलं, तसं काही नाही मामा, तुला सुचेल ते. पण नको हे माझ्या आवाजात त्याला ऐकू आलं असणार. आठ दिवसांनी त्याने वहीचा कागद दिला. सुबक अक्षरात, समास सोडून लिहिलेला. गाणं आमच्या चाळीच्या जिन्यावरचं होतं. दगडी पायऱ्या आहेत, मधोमध झिजून खळगे पडलेत, लहानपणी आम्ही त्यात साचलेल्या पाण्यात होड्या सोडायचो.

पायरी झिजली मधोमध बाई, पायरी झिजली मधोमध
कोण कोण आलं, कोण कोण गेलं, कुणी ठेवली नाही नोंद

पुढे तीन कडवी. त्यात कामाच्या पाळीला निघालेले पाय, माहेरपणाला आलेले, खांद्यावरून कुणाला तरी शेवटचं उतरवणारे पाय. प्रत्येक कडवं विचारतं, हे कोण होतं? आणि मग चौथं, नावाचं:

चढला किसन, उतरला किसन, सांगतो तुम्हांला खरं
खळग्यामधलं बोटभर झिजणं माझ्या पायाचं बरं

मी वाचलं आणि रडले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते गाणं न कळून केलं असं कुणाला वाटायला नको.

ते गाणं गायला रेवा होती. गिरगावची, तीन पिढ्या डॉक्टर-वकिलांचं घर, लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली. तिने चारही कडवी गायली, आणि अशी गायली की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्टही हातातला चहा विसरला. नंतर जुळवाजुळव करताना माझ्या लक्षात आलं की गाणं साडेसात मिनिटांवर जातंय. शेवटी माझी बासरी यायला हवी आणि ती चौथ्या कडव्यानंतर आली तर ऐकणारा कंटाळेल. तोच सूर, तोच ताल. कडवं उचललं आणि तिथे बासरी ठेवली तर बेमालूम बसत होतं. मी उचललं. मामाला दोन हात लागतील असं वाटायचं, मला एका बोटाने काम भागलं. रेवाने ऐकलं आणि म्हणाली, अगं, पण मामांचं नाव त्यात आहे ना? त्यांना विचारलंस का? मी म्हटलं, त्यांना चालेल, आमच्या घरातलंच आहे. शिवाय प्रश्न तसाच सुटा राहिला तर जास्त छान वाटतो, नाही का? ती म्हणाली, छान वाटतो खरा.

लांबी हे कारण खोटं नव्हतं. पण ते मागाहून सापडलेलं कारण होतं. खरं कारण असं की ते कडवं लागलं आणि माझा जॅझचा अल्बम एकदम सतरंजीवर येऊन बसला. ढोलकी, निळ्या पताका, हॅलो हॅलो, सगळं त्या एका 'किसन'बरोबर स्टुडिओत शिरलं. ज्या लोकांसमोर मला हा अल्बम ठेवायचा होता, काळा घोडा भागातले, लोअर परळच्या क्लबातले, ते हसून म्हणाले असते, अच्छा, तू तिकडची का? कुणी म्हणालं नव्हतं. कुणी म्हणालंही नसतं कदाचित. मीच आधी ऐकलं आणि कात्री चालवली. माझं आडनाव मी वर्षानुवर्षं पहिल्या अक्षरापुरतं लिहीत आले, तिथे मामाचं नाव कोण ठेवतंय!

अल्बम आला तो जयंतीच्या आठवडाभर आधी. मामाने चाळीत सांगून ठेवलं होतं. मी गेले तर गॅलरीत खुर्च्या मांडलेल्या, पार्टीतले उरलेसुरले म्हातारे इस्त्रीचे सदरे घालून बसलेले, कुणीतरी मंडपाचा स्पीकर वर आणलेला. मामाने पांढरा सदरा घातला होता आणि तो सवयीने सगळ्यांच्या मागे बसला होता. मला तेव्हाच सांगता आलं असतं. बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी फोन जोडला आणि गाणं लावलं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, म्हातारे माना डोलवत होते. तिसऱ्याला ढोलकीवाले अण्णा डोळे पुसायला लागले. तिसरं संपलं, धृपद आलं, आणि अण्णांनी आपसूक मागे वळून मामाकडे हात केला. मामाचे हात जोडले गेले होते. छातीपर्यंत आले होते. आणि बासरी सुरू झाली. माझी बासरी, चांगली लांबलचक, मनसोक्त फिरायला गेलेली. मामा तसाच बसून राहिला. त्याला वाटलं असावं की आता परत येतील. मग गाणं संपलं. त्याने हात हळूच सोडवले आणि गुडघ्यांवर ठेवले.

टाळ्या वाजल्या. मामा म्हणाला, 'बासरी गोड वाजवलीस.' मी म्हटलं, मामा, गाणं लांबत होतं. तो म्हणाला, हो का, लांबलं तर कापायलाच लागतं. मी त्याला फोनवर दाखवलं, हे बघ, तुझं नाव दिलंय. तीन ठिकाणी दाबून आत गेलं की यादी यायची, ड्रमवाला, रेकॉर्डिस्ट आणि त्यांच्यामध्ये 'गीत' म्हणून तो. त्याने चष्मा लावला, फोन दूर धरला, जवळ धरला. बारीक आहे पण आहे, म्हणाला. खीर खाऊन जा, हेही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याकडे आली, भाजी निवडत बसली आणि वर न बघता म्हणाली, 'तुला त्याची लाज वाटली का गं?' मी चिडले. केवढी चिडले! गाण्याची लांबी, मांडणी, ऐकणाऱ्यांची सवय, असलं काय काय तिला ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मेथीच्या काड्या कचऱ्यात टाकल्या. खरं बोलणाऱ्या माणसाला एवढं बोलावं लागत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

गाणं गाजलं असं नाही, पण सातांत तेच जास्त ऐकलं गेलं. एका जाणकाराने लिहिलं की प्रश्नाला उत्तर न देण्यातच या गाण्याचं मोठेपण आहे. मी तो मजकूर चार ठिकाणी टाकला, खाली हात जोडल्याची खूण करून. ज्या उत्तराला मी कात्री लावली त्याबद्दल माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलं. रेवाचा आवाज, ते चौथं कडवं, आजही माझ्या संगणकात आहे. जोडून पुन्हा काढायला एक दुपार पुरेल. तीन वर्षांत मला ती दुपार मिळाली नाही. आधी रेवाला विचारायला हवं होतं, मग पावसाळा, मग दिवाळी, मग म्हटलं आता जुनं झालं, आता कशाला. निमित्तं काढण्यात मी कचेरीतल्या दावेदारांच्याही वरताण निघाले.

या वर्षी का गेले, सांगता येत नाही. मामा अठ्ठ्याहत्तरचा झाला म्हणून असेल, किंवा चढलेल्या बासरीला खाली ओढता ओढता स्वतःचाच कंटाळा आला म्हणून. खरं काय ते सांगायचं, माफी मागायची आणि गाणं पुन्हा पूर्ण करून लावायचं, असं ठरवून गेल्या रविवारी संध्याकाळी निघाले. प्रभादेवीहून चालत गेले, सवयीने बासरीची पेटी खांद्याला. कडक ऊन उतरत होतं. लोकांच्या घराघरांतून फोडणीचे वास येत होते आणि मी वाटेत वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळत नव्हतं.

जिन्यातच गाणं ऐकू आलं. पायरी झिजली मधोमध. पार्टीने ते बसवायला घेतलं होतं. वर सतरंजीवर नवी माणसं होती, तिसऱ्या मजल्यावरच्या एक शिक्षिका गात होत्या, एक जण कीबोर्ड घेऊन बसलेला, ढोलकीवर मात्र अण्णाच. आणि मामा या वेळी मागे नाही, पुढे बसला होता, शिकवत होता. तिसरं कडवं संपलं, धृपद झालं, शिक्षिकाबाई सवयीने पुढचा श्वास घेऊन थांबल्या. मामाने हात वर केला. 'इथे शब्द नाहीत,' तो म्हणाला. 'इथे बासरी येते.'

कीबोर्डवाल्याने अल्बममधली माझी बासरी वाजवायला घेतली. माझीच, सुरामागून सूर, मी जिथे दम घेतला होता तिथे थांबून. कितीदा ऐकून बसवली असेल. मामा मांडीवर ताल देत होता. त्याने स्वतःच्या नावाच्या जागेवर माझे सूर चोख बसवून घेतले होते, एक मात्रा इकडेतिकडे नाही.

मग त्याला मी दिसले. चेहरा उजळला त्याचा, अगदी मनापासून. सगळ्यांना सांगितलं, ही माझी भाची, अल्बमवाली. बासरी आणलीयस का, बस, बस, आता खरीच होऊ दे. मला जागा करून दिली. त्यांनी धृपद पुन्हा घेतलं, ते संपलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बासरी मांडीवर ठेवली आणि चौथं कडवं म्हणायला लागले. चढला किसन, उतरला किसन. माझा आवाज मामाच्या वळणावर गेलेला आहे. कुणाला ते कडवं येत नव्हतं, त्यामुळे कुणी साथ धरली नाही. फक्त अण्णांची बोटं ढोलकीवर उचललेली तशीच राहिली. एक ओळ झाली आणि मी थांबले.

'ते आता नसतं गं, बाय,' मामा म्हणाला. 'लोकांना तुझ्या अल्बममधल्यासारखंच पाठ झालंय. आता मधेच नाव घातलं तर कोण हा म्हणतील.'

मी त्याच्या कानाशी वाकले. म्हटलं, 'मामा, गाणं लांबत नव्हतं. मला लाज वाटली होती.'

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मांडीवरची बासरी उचलली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

'ठाऊक आहे,' म्हणाला. 'वाजव. सगळे थांबलेत.'

आणि मी वाजवली. चांगली वाजली.